दोन अक्षरांमधली जागा

मी म्हसळ्याचा पेंटर. पेंटर म्हणजे घराला रंग काढणारा नव्हे, तर दुकानाच्या पाट्या लिहिणारा. एस. टी. स्टँडवरून बाजारपेठेत शिरले की किराणा, कापड, सलून, दवाखाना अशा कितीतरी पाट्या एकेकाळी माझ्या हातच्या होत्या. आता शोधून दोन-तीन सापडतील. काही पत्रे खाडीच्या हवेने गंजून गेले, काही ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडाले, आणि उरलेल्यांच्या तोंडावर फ्लेक्स चढले. त्याचे रडगाणे गाण्यासाठी हे लिहीत नाही. माझ्या वडिलांच्या जलदान विधीच्या दिवशी आमच्या अंगणात जे झाले ते सांगायचे आहे. सध्या घरोघरी मुले-मुली मोबाईलवर पत्रिका, बॅनर, कप, टी-शर्ट असे काहीबाही तयार करतात, त्यांना त्याचा उपयोग होईल.

आधी आप्पांबद्दल सांगतो. आप्पा परळला गिरणीत होते. रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर वर्षभरात आम्ही सगळे गावी आलो. मी तोवर लालबागला एका पेंटरच्या हाताखाली ब्रश धुवायला लागलो होतो. तेवढ्या शिदोरीवर म्हसळ्यात धंदा मांडला.

आप्पांना वाचता येत असे, पण सावकाश. प्रत्येक अक्षरावर ओठ हलायचे. अक्षर अक्षर जोडून शब्द तयार झाला की तो मोठ्याने म्हणायचे. मी पाटीचा खडूने कच्चा आराखडा काढला की आप्पांना रस्त्यापलीकडे उभा करी आणि विचारी, "वाचा बघू." ते जिथे अडखळत, तिथे माझी चूक आहे असे समजायचे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. सुरुवातीला मला वाटायचे, आप्पांचे शिक्षण कमी म्हणून ते अडतात.

एकदा एका भिंतीवर मोठ्या अक्षरात 'सुखी परिवार' लिहायचे काम आले. मी ऐटीत जुन्या वळणाचा सुटा 'ख' काढला, म्हणजे डावीकडचा भाग आणि उजवीकडचा भाग खाली न जोडलेला. शाळेच्या पुस्तकात 'ख'चे पाय जोडलेले असतात. ते कशासाठी, याचा मी कधी विचार केला नव्हता. आप्पा समोरच्या आंब्याखाली उभे राहून वाचू लागले, "सु... र... वी. सुरवी परिवार. ह्ये कोन रं सुरवी?" बाजूला उभी असलेली माणसे हसली. मी चिडलो. पण लांब जाऊन पाहिले, तर खरोखरच 'सुरवी'! 'ख'च्या आतली फट मी दोन अक्षरांमधल्या फटीएवढी ठेवली होती. डोळ्याने बिचाऱ्याने कुठे तोडायचे आणि कुठे जोडायचे?

माझे लालबागचे उस्ताद म्हणायचे, दोन अक्षरांच्या मधल्या जागेत तांदूळ ओततोस असे समज. प्रत्येक जागेत सारखेच तांदूळ मावले पाहिजेत. ही एक गोष्ट ध्यानात आली की पाटी जमते. मोजपट्टी लावून सारखे अंतर ठेवले तर पाटी हमखास बिघडते. हे कोणाला खरे वाटत नाही, पण करून पाहा. 'द', 'र', 'ट', 'ड' ही अक्षरे वरच्या रेघेला लोंबतात, त्यांच्या पोटाखाली जागा मोकळी असते. असे दोघे शेजारी आले, उदाहरणार्थ 'दर', तर मध्ये सूपभर तांदूळ मावतात. म्हणून त्यांना जवळ घ्यायचे. उलट 'बाणा', 'गाणी' यांत नुसते दांडे. 'ण'चे दोन-तीन, कान्याचा एक, जणू कुंपणाचे खुंट. तिथे थोडे मोकळे सोडावे लागते. आणि सगळ्यात शेवटी, अक्षरे भरून झाल्यावर, श्वास रोखून वरची रेघ एका दमात ओढायची. ती रेघ म्हणजे दोरी. कपडे वेगवेगळे असले तरी दोरी एक, म्हणून ते एका घरचे दिसतात.

लग्नपत्रिका तेव्हा खिळे जुळवून छापल्या जात. एखादी जुनी पत्रिका घरात असेल तर भिंगाखाली धरा. वरच्या रेघेला प्रत्येक अक्षरापाशी केसाएवढी चीर दिसेल. प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा वेगळा तुकडा, तो दुसऱ्याला कितीही खेटवला तरी चीर राहायचीच. आमच्या शेजारच्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' निघाले. तेही असेच एकेक खिळा जुळवून. केसाएवढ्या चिरेने वाचणाऱ्याचे काही अडत नाही. बोटभर झाली की अडते.

मग कॉम्प्युटर आले. त्यांचे सुरुवातीचे मराठी फाँट मोठे खोडकर. त्यांत मात्रा वेगळी, रफार वेगळा, वेलांटी वेगळी, सगळ्यांची बटणे निराळी. पत्रिकेचा मथळा रुंद दिसावा म्हणून कोणी अक्षरांतली जागा वाढवली की 'धर्म'मधला रफार 'म'च्या डोक्यावरून घसरून पुढे अधांतरी लटके. मी अशा पत्रिका घरी आणून आप्पांना वाचायला द्यायचो, आणि आम्ही दोघे हसायचो. हसलो ते चुकलेच. कारण नंतर फ्लेक्स आला आणि लोकांनी आमच्याकडे यायचेच बंद केले.

आमची सूनबाई बारावी झालेली, हुशार. कोरोनाच्या काळात मुलाचे काम सुटले, तेव्हा तिने मोबाईलवर डिझाईन करायला सुरुवात केली. वाढदिवसाचे बॅनर, नाव घातलेले कप, किल्लीची चकती, दाराची पाटी, लग्नाची पत्रिका. नंतर हप्त्यावर लॅपटॉप घेतला. छापून बाहेरून आणायचे, डिझाईन घरचे. घर त्यावर चालले, हे मी मान्य करतो. पण तिच्या कामाकडे मी कधी मुद्दाम बघितले नाही. ती विचारायची, "बाबा, हे बघता का जरा?" मी म्हणायचो, "छान आहे," आणि चष्मासुद्धा लावायचो नाही. मनातली अढी होती, दुसरे काय.

२०२३ च्या पावसाळ्यात आप्पा गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे. जलदान विधीचा बॅनर सूनबाईने केला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरे, मध्ये आप्पांचा फोटो, वर 'कालकथित', खाली नाव आणि 'पुण्यानुमोदन कार्यक्रम'. आदल्या रात्री तिने लॅपटॉप माझ्यापुढे धरला. मी फोटो पाहिला आणि मान हलवली.

सकाळी अंगणात मंडप घातला. मुंबईची माणसे आली, माणगाव, श्रीवर्धनकडची सोयरी आली. बौद्धाचार्य आसनावर बसले. माझा नातू तेव्हा दुसरीत होता. नुकतेच वाचायला लागलेले पोर, दिसेल ते मोठ्याने वाचते. तो बॅनरसमोर उभा राहिला आणि लागला: "का... ल. काल. क... थि... त. काल कथित." मग माझ्याकडे वळून विचारतो, "आजोबा, मोठे आप्पा काल काय बोलले?"

मंडपात कोणीतरी फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्या दिवशी पहिल्यांदा तो बॅनर पाहिला. 'काल' एकीकडे, 'कथित' एकीकडे. मध्ये दोन बोटे जागा आणि वरची रेघ तुटलेली. खालच्या ओळीतही तोच प्रकार, 'पुण्या' आणि 'नुमोदन'. आम्ही मोठी माणसे सकाळपासून त्याच्यापुढून ये-जा करत होतो. कोणालाच दिसले नाही. शब्द पाठ असतो, आपण तो वाचतच नाही, नुसता ओळखतो. आप्पा असते तर रस्त्यापलीकडून अडखळले असते.

मी घरात गेलो. फळीवर पांढऱ्या इनॅमलचा अर्धा डबा होता, सायी धरलेला. काडीने साय काढली, पाऊण इंची ब्रश झटकला, स्टुलावर चढलो आणि 'का'च्या डोक्यापासून 'त'च्या शेवटापर्यंत एक रेघ ओढली. मग खालच्या ओळीवर दुसरी. अक्षरे होती तिथेच राहिली, जागाही तेवढीच राहिली, पण दोरी बांधल्यावर शब्द एक झाला. बौद्धाचार्य थांबून बघत होते. मी स्टुलावरून उतरलो आणि हात पुसले, तेव्हा त्यांनी सुरुवात केली.

रात्री सगळे गेल्यावर सूनबाई रडत बसली होती. "बाबा, माझ्यामुळे आप्पांच्या कार्यात हसे झाले." मी म्हटले, "पोरी, तू दाखवलेस आणि मी बघितले नाही. तुझी चूक अर्धी." मग पहिल्यांदा चष्मा लावून तिच्या शेजारी बसलो.

बिघडले कुठे ते तिनेच शोधले. मोबाईलच्या ॲपमध्ये तयार नमुने मिळतात, आपण फक्त नाव बदलायचे. हे नमुने बहुतेक इंग्रजी मजकुरासाठी बांधलेले. इंग्रजीची मोठी अक्षरे सुटी सुटी, त्यांच्यात जागा सोडली की शब्द भारदस्त दिसतो. म्हणून नमुना करणाऱ्याने अक्षरांमधली जागा आधीच वाढवून ठेवलेली असते. आपण इंग्रजी पुसून मराठी घातले तरी ती वाढवलेली जागा तशीच राहते. मराठी अक्षरांची डोकी एकमेकांना जेमतेम खेटतील अशी फाँटात बेतलेली असतात, जागा वाढवली की रेघेचे तुकडे पडतात. त्यात हा फाँट वेलबुट्टीचा. 'क'च्या डावीकडे फराटा काढलेला, म्हणून 'ल' आणि 'क' यांच्यामध्ये मुळातच जास्त जागा होती. तिच्यावर नमुन्याची जागा चढली आणि शब्द बरोबर नको तिथे फुटला.

उपाय अगदी साधा निघाला. त्या ॲपमध्ये अक्षरांच्या अंतराची एक सरकपट्टी असते, ती शून्यावर आणायची. रेघ जुळून आली. आमच्याकडे मराठीचे काम घेतले की हात आता पहिल्यांदा तिथे जातो. मथळा ऐसपैस हवा असेल तर दोन शब्दांमधली जागा वाढवावी, ओळी लांब ठेवाव्यात, आजूबाजूला रिकामे सोडावे. पण शब्दाच्या पोटात हात घालू नये.

शून्यावर आणल्यानंतरही 'ल-क' थोडे लांब वाटत होते. तो फाँटाचाच दोष. इंग्रजीच्या फाँटाला लहान-मोठी धरून बावन्न अक्षरे लागतात. मराठीला जोडाक्षरे धरून शेकडो आकार काढावे लागतात आणि कोणता आकार कोणाशेजारी कसा बसेल हे एकेक जोडी पाहून ठरवावे लागते. शोभेचा फाँट करणारे पुष्कळदा तेवढे कष्ट घेत नाहीत. म्हणून फाँट घेण्याआधी आम्ही त्याची परीक्षा घेतो: 'बुद्ध', 'श्रद्धांजली', 'धम्मचक्र', 'त्रिशरण', 'किनाऱ्यावर' हे शब्द टाकून पाहतो. 'बुद्ध'चा 'बुद्‌ध' झाला किंवा 'किनाऱ्या'मधला आडवा र फुटला, की तो फाँट कितीही नटलेला असो, परत. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का तेही पाहावे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात त्यांची मराठी रूपे ठरवून दिलेली आहेत, पण पुष्कळ फाँटांत हिंदी वळणच येते.

चांगले फाँट नाहीत असे नाही. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' र. कृ. जोशी यांच्या हातचा. मुंबईच्या 'एक टाईप'ने केलेले 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' फुकट मिळतात. 'मोदक' तर इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटात वारा शिरायला जागा नाही. तो एखाद्या शब्दापुरता झकास दिसतो, अख्ख्या पत्रिकेला लावला तर वाचणाऱ्याचा जीव जाईल. आम्ही पेंटर पूर्वी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायचो, त्यातली कमल शेडगे यांची अक्षरे गिरवायचो. २०२० साली ते गेले. त्यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला वेगळे रूप दिले, पण कुठलेही नाव वाचताना अडखळायला झाले नाही.

अक्षरे मनासारखी बसेनात, तर सूनबाई लॅपटॉपवर त्यांचे चित्र करते. म्हणजे ती मजकूर राहत नाहीत, सुटे आकार होतात. मग मी शेजारी बसून सांगतो, "हे तांदूळभर डावीकडे घे. आता पुरे." ती उंदराने सरकवते. शेवटी वरून एक सलग पट्टी ओढते. तिचा उंदीर आणि माझा ब्रश, काम तेच. मात्र चित्र करण्याआधी शुद्धलेखन तपासून घ्यावे लागते, नंतर अक्षर बदलता येत नाही. एका पत्रिकेत आम्ही हे विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

१४ एप्रिलच्या टी-शर्टांची गंमत वेगळी. प्रत्येक मंडळाला गोल चिन्ह हवे, मध्ये अशोकचक्र आणि भोवती मंडळाचे नाव. इंग्रजी अक्षरे गोलावर सुखाने बसतात. मराठीची रेघ डोक्यावर, त्यामुळे गोलाच्या वरच्या अंगाला अक्षरे पंख्यासारखी फाकतात आणि रेघ दर अक्षराला तडकते. खालच्या अंगाला कमानीत लिहिले तर उलटे, डोकी एकमेकांवर चढतात आणि पाय फाकतात. त्यावर आमचा तोडगा असा: नाव वरच्या अंगाला ठेवायचे, अक्षरे थोडी दाटून बसवायची आणि वरून कमानीसारखी एकच वाकडी रेघ नव्याने काढायची. छोटा गोल असेल तर लांब नाव घेऊच नये. मंडळाची पोरे ऐकत नाहीत, ती गोष्ट निराळी.

म्हसळ्यात मी उर्दू पाट्याही पुष्कळ केल्या. मला ती लिपी येत नाही, दुकानदार कागदावर लिहून द्यायचे आणि मी गिरवायचो. एकदा जागा भरायची म्हणून अक्षरे ताणून सुटी केली, तर त्या चाचांनी डोक्याला हात लावला. त्यांचीही अक्षरे हात धरून चालतात. तेव्हाच शहाणा व्हायला हवे होते.

पहिल्या स्मृतिदिनाची पत्रिका आम्ही दोघांनी मिळून केली. वेलबुट्टीचा फाँट फक्त आप्पांच्या नावाला, बाकी सगळे साधे. छापायला देण्याआधी सूनबाईने ती लॅपटॉपवर मोठी केली आणि नातवाला अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपाशी नव्हे, पायरीच्या दगडापाशी उभे केले. आप्पा पाट्या वाचायला जसे लांब उभे राहायचे तसेच. तो आता तिसरीत गेला होता.

"कालकथित," त्याने एका दमात म्हटले. आप्पांचे नाव वाचले. तारीख वाचली. मग खालच्या ओळीवर आला आणि ओठ हलू लागले. "पुण्या... नु... पुण्यानु..."

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "'न' थोडा डावीकडे घे." तिने घेतला. पोराने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.